कळते, पण सांगता येते का?
(कॉलेजला निघालेल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या पालकांसाठी)



आपल्या मराठीच्या वर्गातील निम्म्या मुलांची एकच तक्रार असते. "आजी बोलते ते सगळे कळते, पण मला बोलता येत नाही." आजी फोनवर म्हणाली, "काल पाहुणे आले होते, म्हणून पुरणपोळ्या केल्या," की अर्थ लगेच लागतो. पण तसलेच वाक्य आपण आजीला सांगायचे झाले की 'पाहुणे' हा शब्द काही केल्या आठवत नाही. मग मध्येच इंग्रजी शब्द घालून वाक्य कसेबसे पुरे करावे लागते.

यात नवल नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. समोर आलेली गोष्ट ओळखणे हे एक काम. समोर काहीही नसताना ती गोष्ट आठवून मांडणे हे दुसरे काम. पहिले सोपे आहे, दुसरे अवघड. आणि पहिले जमले म्हणजे दुसरे आपोआप जमते असे नाही.

कॉलेजच्या अभ्यासाचे मर्म या एका गोष्टीत आहे. वही उघडून वाचले की सगळे ओळखीचे वाटते. प्राध्यापकांनी फळ्यावर गणित सोडवले की प्रत्येक पायरी पटते. मन म्हणते, "हे मला येते." परीक्षेत मात्र वही समोर नसते. तिथे आठवून, स्वतः मांडून दाखवावे लागते. ज्याने पहिल्याच कामाचा सराव केला त्याची दुसऱ्या कामाची परीक्षा होते, आणि चांगला हुशार विद्यार्थीही पहिल्या सेमिस्टरला गडबडतो.

म्हणून या अंकातील पाठ अभ्यास कसा करावा यावर आहे. लहान वर्गांतील मुलांनीही तो वाचावा. आतापासून सवय लागली तर पुढे सोपे जाईल.

१. कॉलेजात काय बदलते?

हायस्कूलमध्ये दिवसाचे सहा-सात तास शाळेत जातात. दर आठवड्याला छोट्या चाचण्या होतात, शिक्षक गृहपाठ तपासतात, घरी आईवडील विचारतात. आपल्याला काय येत नाही हे दुसरे कोणीतरी आपल्याला सतत सांगत असते.

कॉलेजात वर्गाचे तास कमी होतात. पंधरा क्रेडिट घेतले तर आठवड्याला वर्गात सुमारे १५ तास बसायचे. बाकीचा दिवस मोकळा दिसतो. पण तो मोकळा नसतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नियमांत क्रेडिटची व्याख्या दिली आहे. वर्गातील एका तासामागे वर्गाबाहेर किमान दोन तासांचे काम त्यात धरले आहे. म्हणजे हिशोब असा:

वर्गात : १५ तास
वर्गाबाहेर अभ्यास : ३० तास
एकूण : ४५ तास

आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप धरली तर ५६ तास गेले. ४५ तास अभ्यासाचे गेले. तरीही ६७ तास उरतात. जेवण, आंघोळ, कपडे धुणे, व्यायाम, मित्रमंडळी, एखादी छोटी नोकरी, सगळे त्यात बसते. तेव्हा वेळ नाही ही तक्रार सहसा खरी नसते. वेळ कुठे गेला ते कळत नाही, ही खरी अडचण असते.

दुसरा बदल याहून मोठा आहे. कित्येक विषयांत सबंध सेमिस्टरमध्ये दोन किंवा तीनच परीक्षा असतात. पहिली मिडटर्म येईपर्यंत पाच-सहा आठवडे निघून जातात. तोपर्यंत "तुला हे येत नाही" असे सांगणारे कोणीच नसते. ते काम आता आपले आपणच करायचे असते. पुढे सांगितलेल्या सगळ्या युक्त्या त्याच एका कामाच्या आहेत.

२. विसरणे हा स्वभावच आहे

हर्मान एबिंगहाउस नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. विसरणे कसे घडते हे मोजण्यासाठी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे त्यांनी जोडून घेतली, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि ठरावीक वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजले. १८८५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना मूळ कष्टांपैकी सुमारे ५८ टक्के वाचत. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के. एका महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, आणि नंतर मंदावते.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हणून साधले. जवळजवळ निम्म्या कष्टांत तेच काम!

हे वाचून आपल्या आजीआजोबांना हसू येईल, कारण त्यांच्या लहानपणी घरोघरी हेच चालत असे. संध्याकाळी दिवेलागणीला मुले ओळीने बसत आणि परवचा म्हणत. पाढे, श्लोक, आणि त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा. पुस्तक मिटलेले असे. रोज थोडे थोडे म्हणायचे, न पाहता म्हणायचे, आणि चुकले की कोणीतरी मोठे माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. पाठ केलेले पुन्हा पुन्हा घासून स्वच्छ करण्याला मराठीत 'उजळणी' म्हणतात. पितळेचे भांडे घासले नाही तर काळवंडते. शिकलेल्या गोष्टीचेही तसेच आहे.

अर्थात परवचा आणि घोकंपट्टी यांत फरक आहे. अर्थ न कळता नुसते घोकले तर प्रश्न जरा फिरवून विचारला की अडते. कॉलेजात अर्थ आधी समजून घ्यायचा, आणि मग त्या अर्थाचा परवचा म्हणायचा.

३. पुन्हा वाचणे की आठवून लिहिणे?

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी माहितीचा एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्याला ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. पण एका आठवड्याने परीक्षा घेतलेल्यांत चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, "तुम्हाला हे पुढे किती आठवेल?" असे आधी विचारले तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. आठवून लिहिताना मात्र अडखळायला होते, जीव मेटाकुटीला येतो, आणि वाटते की आपला अभ्यास नीट होत नाही. खरे तर त्या अडखळण्यातच अभ्यास होत असतो.

वहीतील ओळींवर पिवळा, गुलाबी रंग फासण्याचेही तेच. पान सजते, पण डोक्यात फारसे काही उतरत नाही. संगणकाला प्रश्न विचारून आयते मिळालेले उत्तर वाचण्याचेही तेच. उत्तर वाचताना पटते, म्हणून ते आपल्याला येते असे वाटते. आधी आपले उत्तर लिहावे, मग ताडून पाहावे.

४. वर्गातील टिपणे : कॉर्नेलची पद्धत

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करावा हे शिकवीत. टिपणे काढण्याची त्यांची पद्धत १९६२ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे सगळीकडे पोहोचली. ती अशी आहे:

(अ) पानाच्या डाव्या बाजूला सुमारे अडीच इंचांचा पट्टा सोडून उभी रेघ मारा. तळाशी दोन इंच जागा सोडून आडवी रेघ मारा.
(आ) वर्गात फक्त उजव्या मोठ्या भागात लिहा. प्राध्यापकांचा प्रत्येक शब्द उतरवू नका. मुद्दे, आकृत्या आणि उदाहरणे लिहा.
(इ) त्याच दिवशी संध्याकाळी डाव्या पट्ट्यात प्रत्येक मुद्द्यासाठी एक प्रश्न लिहा.
(ई) तळाशी सबंध पानाचे सार दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहा.
(उ) आता उजवा भाग कागदाने झाका. डावीकडील प्रश्न वाचा आणि उत्तर मोठ्याने म्हणा. मग कागद सरकवून पाहा.

पुष्कळ मुले पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. पण या पद्धतीचा जीव शेवटच्या पायरीत आहे. ती गाळली तर उरते ती रेघा मारलेली वही.

एक उदाहरण घेऊ. जीवशास्त्राच्या वर्गात ऑस्मोसिस शिकवले. उजवीकडे तुम्ही लिहिले: पेशीचा पडदा पाण्याला जाऊ देतो, पण त्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांना जाऊ देत नाही; ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी जाते. डावीकडे प्रश्न लिहा: "पेशी खाऱ्या पाण्यात ठेवली तर काय होईल, आणि का?" तळाशी आपल्या शब्दांत लिहा: "लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. बाहेर मीठ जास्त झाले, म्हणून फोडीतले पाणी बाहेर आले." आता हे तुम्ही सहसा विसरणार नाही, कारण नवी गोष्ट घरातल्या जुन्या गोष्टीला बांधली गेली. आणि प्राध्यापकांनी परीक्षेत कैरीऐवजी तांबडी रक्तपेशी विचारली तरी उत्तर तुम्हाला मांडता येईल.

५. जाडजूड पुस्तक कसे वाचावे?

कॉलेजचे पाठ्यपुस्तक कादंबरीसारखे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू नये. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये पाच पायऱ्यांची एक रीत पुस्तकातून मांडली. मराठीत ती अशी सांगता येईल:

पाहणी : प्रकरणाचे मथळे, आकृत्या आणि शेवटचा सारांश पाच मिनिटांत पाहून घ्या.
प्रश्न : प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करा. 'महामंदीची कारणे' असा मथळा असेल तर 'महामंदी कशामुळे आली?' असे स्वतःला विचारा.
वाचन : त्या प्रश्नाचे उत्तर शोधत तेवढाच भाग वाचा.
कथन : पुस्तक मिटून उत्तर सांगा.
उजळणी : प्रकरण संपल्यावर, आणि पुन्हा काही दिवसांनी, सगळे प्रश्न स्वतःला विचारा.

चौथी पायरी पाहा. परवचा इथेही आहेच!

६. शब्द, सूत्रे आणि व्याख्या : पाच खणांची पेटी

सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये जर्मन भाषेतील आपल्या पुस्तकात कार्डांची एक सोपी युक्ती दिली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पेटीला पाच खण. सगळी कार्डे आधी पहिल्या खणात ठेवायची. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खणात जाते. चुकले की पुन्हा पहिल्या खणात. पहिला खण रोज पाहायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, आणि पुढचे खण त्याहून उशिरा. जे येते त्यावर वेळ वाया जात नाही, आणि जे येत नाही ते वारंवार समोर येते. रसायनशास्त्रातील क्रिया असोत की मराठीतील नवे शब्द, सगळ्याला ही पेटी चालते. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार तुकडे उभे केले की पेटी तयार. आपल्या वर्गातील लहान मुलांनी ती आजच करावी.

७. गणिते मिसळून सोडवा

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाखाली एकाच प्रकारची गणिते असतात. पहिले सुटले की बाकीची त्याच साच्यात सुटतात. परीक्षेत मात्र कोणते गणित कोणत्या प्रकरणातले हे लिहिलेले नसते. कोणती रीत लावायची हे ठरवणे हीच खरी परीक्षा असते.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील रोरर आणि टेलर यांचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घनाकृतींचे घनफळ काढण्याची चार प्रकारची गणिते विद्यार्थ्यांना दिली होती. एका गटाने एकेक प्रकार ओळीने सोडवला. दुसऱ्या गटाने चारी प्रकार मिसळून सोडवले. सराव करताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. एका आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले, आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर राहिले.

म्हणून दर शनिवारी गेल्या तीन-चार प्रकरणांतील दोन-दोन गणिते चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या वाडग्यात टाका आणि एकेक उचलून सोडवा. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर घड्याळ लावून सोडवा.

८. एकट्याने कुढू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरांत एक समजूत खोल रुजलेली असते, की हुशार मुलाला मदत लागत नाही. शाळेत पहिला येणारा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात अडली की कोणाला सांगत नाही. "मला विचारावे लागते म्हणजे मी हुशार नाही" अशी भीती वाटते. मग दार लावून अधिक तास बसायचे, तेच तेच वाचायचे, घरी फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणायचे. आणि विषय सोडून देण्याची मुदत टळून गेली की घरी कळते.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे यूरी ट्रीझमन या गणितज्ञाने १९७० च्या दशकात याच प्रश्नाचा मागोवा घेतला. हायस्कूलमध्ये चमकलेले पुष्कळ कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये का अडकतात, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी का तरतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. प्राध्यापकांचे तर्क असे होते की पहिल्यांना गोडी कमी असेल, तयारी कच्ची असेल, घरचा पाठिंबा नसेल. ट्रीझमन यांनी दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिले. हे सगळे तर्क खोटे ठरले. अडकणारी मुले वर्गाला नियमित जात, गृहपाठ करत, सांगितलेले तास भरत. पण ती एकटी अभ्यास करत. चिनी विद्यार्थी आधी एकेकट्याने गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या परीक्षांतील प्रश्न विचारत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला मात्र वाटे की आपणच कमी पडतो.

ट्रीझमन यांनी मग अशा विद्यार्थ्यांसाठी गट सुरू केले. त्यांत सोपी गणिते देऊन मुलांना कच्चे ठरवले नाही. उलट मुद्दाम अवघड गणिते दिली आणि ती मिळून सोडवायला लावली. त्या मुलांची प्रगती इतकी चांगली झाली की पुढे इतर विद्यापीठांनीही तसे गट काढले.

यातून आपण तीन नियम घ्यावेत.

पहिला : पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक अवघड विषयासाठी तीन-चार जणांचा गट जमवा. आधी एकट्याने प्रयत्न, मग गटात चर्चा, हा क्रम मोडू नका. नाहीतर एक जण सोडवतो आणि बाकीचे माना डोलावतात.

दुसरा : प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिल्या परीक्षेच्या आधीच एकदा जा. ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते. "मला काहीच कळत नाही" असे सांगू नका. "या गणितात तिसऱ्या पायरीपर्यंत आलो, पुढे असे का करायचे ते कळत नाही," असे विचारा. कुठे अडले हे सांगता येणे म्हणजे अर्धे उत्तर सापडणे.

तिसरा : विषय दंडाशिवाय सोडण्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. वेळेवर घेतलेली माघार ही हार नव्हे.

९. आठवड्याची घडी

सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो. सगळ्या परीक्षांच्या आणि निबंधांच्या तारखा एकाच मोठ्या कॅलेंडरवर लिहा. कोणत्या आठवड्यात तीन गोष्टी एकदम येतात ते आधीच दिसेल. तहान लागल्यावर विहीर खणायला घेण्यात अर्थ नाही.

एका विषयाची घडी अशी बसवता येईल. समजा सोमवारी व्याख्यान झाले. सोमवारी संध्याकाळी वीस मिनिटे डाव्या पट्ट्यातील प्रश्न लिहा. बुधवारी दहा मिनिटे कागद झाकून उत्तरे म्हणा. शनिवारी सगळ्या आठवड्याचे प्रश्न मिसळून स्वतःला विचारा. पुढच्या शनिवारी नव्याबरोबर जुनेही थोडे घ्या. थेंबे थेंबे तळे साचे, हे इथे अक्षरशः खरे आहे.

अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही हाका मारतच असतो. आणि रात्र जागून काढू नका. दिवसा शिकलेले मनात पक्के बसण्याचे काम झोपेत चालते. झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या घागरीत भरलेले पाणी.

१०. पालकांसाठी

आपण मुलांना बारावीपर्यंत हाताला धरून आणले. कॉलेजात मात्र नियमच बदलतात. १९७४ च्या फेर्पा या कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झाले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क त्याच्याकडे जातो. मूल कर भरताना आपल्यावर अवलंबून दाखवलेले असेल तर कॉलेज आपल्याला माहिती देऊ शकते, पण तसे बंधन नाही. फी आपण भरत असलो तरी गुणपत्रिका आपोआप घरी येत नाही. म्हणजे मूल सांगेल तेवढेच आपल्याला कळणार. तेव्हा त्याला सांगावेसे वाटेल असे घर ठेवणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात.

रविवारच्या फोनवर "किती मार्क पडले?" हा पहिला प्रश्न नसावा. "या आठवड्यात काय नवीन शिकलास? मला समजावून सांग बघू," असे म्हणावे. आपल्याला तो विषय येत नसला तर अधिकच चांगले. न येणाऱ्याला समजावताना मुलाला साध्या शब्दांत मांडावे लागते, आणि कुठे अडते ते त्याचे त्यालाच दिसते. मराठीतून सांगायचा आग्रह थोडासा धरावा. पाठ्यपुस्तकातली तयार वाक्ये मराठीत उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे मुलाला अर्थालाच हात घालावा लागतो. वाटल्यास इंग्रजी शब्द येऊ द्यावेत, पण वाक्य त्याचे असावे.

दुसरी गोष्ट. "मी आज प्राध्यापकांकडे विचारायला गेलो होतो" असे मूल म्हणाले तर "का? तुला येत नव्हते?" असे विचारू नये. "बरे केलेस, काय म्हणाले?" असे म्हणावे. या दोन उत्तरांत फार मोठे अंतर आहे. पहिले उत्तर ऐकलेले मूल पुढच्या वेळी विचारायला जाईल, पण घरी सांगणार नाही. किंवा जाणारच नाही.

स्वाध्याय

(पहिला प्रश्न लहान गटासाठी, दुसरा मधल्या गटासाठी, तिसरा आणि चौथा मोठ्या गटासाठी. पाचवा सर्वांसाठी.)

१. बुटाच्या खोक्याची पाच खणांची पेटी करा. वीस मराठी शब्दांची कार्डे घाला. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. दोन आठवड्यांनी किती कार्डे तिसऱ्या खणात पोहोचली ते लिहून आणा.

२. हा पाठ मिटून ठेवा. कोऱ्या कागदावर आठवतील तेवढे मुद्दे मराठीत लिहा. नंतर वेगळ्या रंगाच्या पेनाने राहिलेले मुद्दे भरा. पुढच्या रविवारी तेच पुन्हा करा आणि दोन्ही कागद आणा.

३. आपल्या आठवड्याच्या १६८ तासांचा हिशोब सात दिवस खरा खरा लिहा. तो कोणाला दाखवायची गरज नाही.

४. शाळेत या आठवड्यात शिकलेली एक गोष्ट आजी, आजोबा, मावशी किंवा काका यांना फोनवर मराठीत समजावून सांगा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणा.

५. पुढील शब्दांचे अर्थ घरातील मोठ्यांना विचारा आणि प्रत्येकाचे एक वाक्य करा: परवचा, उजळणी, घोकंपट्टी, दिवेलागण, अडखळणे, मेटाकुटीला येणे. 'पावकी' आणि 'दिडकी' म्हणजे काय, तेही विचारा. कोणाला अजून पाठ येत असेल तर त्यांना वर्गात घेऊन या. आपण ती ऐकू.